स्फटिक ज्याचा, प्रकाश त्याचा

लेझर हा शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोहोचला तो दुर्दैवाने मिरवणुकांमुळे. झोत थेट डोळ्यांवर पडून तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या आल्या आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांना अशा झोतांवर बंदी घालावी लागली. बंदी योग्यच होती. परंतु लेझर म्हणजे डोळे दिपवणारा हिरवा पट्टा एवढीच ओळख सुशिक्षित मराठी घरांत उरावी, हे मात्र बरे नव्हे. कारण याच प्रकाशाच्या एका शाखेत भारतीय बुद्धीने पायाचे दगड बसवले आहेत आणि त्याच शाखेच्या कच्च्या मालासाठी देश आज बऱ्याच अंशी परक्यांच्या दारात उभा आहे. ही शाखा म्हणजे हवा तो रंग देणारा, जुळवून घेता येणारा लेझर.

सर्वसाधारण लेझर हा एकसुरी असतो. १९६० मध्ये थिओडोर मैमन यांनी घडवलेला पहिला लेझर माणकाचा होता. त्याची तरंगलांबी ६९४.३ नॅनोमीटर, म्हणजे गडद लाल. कारखान्यांत सर्रास वापरला जाणारा निओडिमियमचा लेझर १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश देतो. ज्या अणूंपासून प्रकाश निर्माण होतो त्यांच्या ऊर्जेच्या पायऱ्या निसर्गानेच ठरवून दिलेल्या असतात. त्यामुळे माणकाकडे निळा प्रकाश मागून मिळत नाही. धातू कापण्यासाठी रंग कोणताही चालतो. पण खाणीतील मिथेन, हवेतील विषारी वायू किंवा रुग्णाच्या श्वासातील एखादे द्रव्य ओळखायचे असेल तर रंग नेमका लागतो, कारण प्रत्येक रेणू ठरावीक तरंगलांब्याच शोषून घेतो. मिथेनची ओळख पटते ती ३.३ ते ३.४ मायक्रोमीटरच्या आसपास. तेथे नेमका पोहोचणारा सोयीचा लेझर हाताशी नसेल तर काय करायचे? पूर्वी रंगद्रव्यांच्या द्रावणांचे लेझर वापरीत. त्यांचा रंग पालटता येई, पण ती द्रावणे बहुधा ज्वालाग्राही, कित्येकदा विषारी, सतत बदलावी लागणारी. आणि अवरक्ताच्या दूरच्या पट्ट्यात ती निरुपयोगीच. खरा मार्ग निघाला तो दुसरीकडून. लेझरचा रंग पालटता येत नसेल, तर त्यातून बाहेर पडलेल्या प्रकाशाचाच रंग पालटावा.

हे कसे घडते, ते समजण्यासाठी तंबोऱ्याकडे वळावे. घोडीवरील जवारी नीट लागली की एका तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे स्वरही झंकारू लागतात. तार आणि घोडी यांचा सतत होणारा स्पर्श तारेची साधी, सरळ हालचाल मोडतो आणि त्या मोडण्यातूनच ही स्वरसमृद्धी येते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा शास्त्रीय अभ्यास केला होता, हा निव्वळ योगायोग मानावा काय? प्रकाशाच्या बाबतीत घोडीचे काम स्फटिक करतो. मंद प्रकाश स्फटिकातून जातो तेव्हा त्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्याच तालात हलके हेलकावतात आणि आत गेलेला रंगच बाहेर येतो. लेझरचा प्रखर झोत मात्र त्यांना इतक्या जोराने हलवतो की तो हेलकावा साधा राहत नाही. त्यात दुप्पट वारंवारिता मिसळते. लाल आत जातो, जंबुपार बाहेर येतो. या शास्त्राला अरेषीय प्रकाशिकी म्हणतात.

१९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेझरचा झोत क्वार्ट्‌झच्या तुकड्यातून सोडला आणि ३४७.२ नॅनोमीटरचा अत्यंत क्षीण प्रकाश टिपला. छायाचित्राच्या काचेवर त्याचा इवलासा ठिपका उमटला होता. संशोधन पत्रिकेत छापताना तो ठिपका धुळीचा कण समजून पुसला गेला. आजही त्या निबंधातील बाण रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो. एका नव्या शास्त्राचा जन्मदाखला असा कोरा छापला गेला.

तो ठिपका क्षीण होता याचे कारण होते पावले न जुळणे. मूळ प्रकाश आणि नवा प्रकाश स्फटिकातून वेगवेगळ्या वेगाने चालतात. संचलनात मागच्या रांगेचे पाऊल चुकले की सारी शिस्त विस्कटते, तसेच येथे होते; एका ठिकाणी निर्माण झालेली नवी लहर पुढच्या ठिकाणी निर्माण झालेल्या लहरीला खोडून काढते. पुढच्याच वर्षी त्यावर दोन उपाय सुचले. पहिला असा की, काही स्फटिकांत प्रकाशाचा वेग दिशेप्रमाणे बदलतो. स्फटिक नेमक्या कोनात कापला की दोन्ही लहरींची पावले जुळतात. दुसरा उपाय निकोलस ब्लोम्बर्गेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा: स्फटिकाची अंतर्गत दिशा ठरावीक अंतरावर उलटी करीत जावे, म्हणजे पाऊल चुकण्याच्या बेतात असतानाच ते सावरले जाईल. हा दुसरा उपाय कागदावर सोपा होता. लिथियम नायोबेटच्या स्फटिकात काही मायक्रोमीटर रुंदीचे असे पट्टे प्रत्यक्ष उमटवण्यास मात्र नव्वदचे दशक उजाडावे लागले. दरम्यान ब्लोम्बर्गेन यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळून गेले होते.

दुप्पट करणे ही केवळ सुरुवात. खरी किमया आहे ती फोडण्याची. स्फटिकात शिरलेला एक प्रकाशकण तेथे दोन कणांत फुटतो. दोघांच्या ऊर्जेची बेरीज मूळ कणाएवढीच राहते, पण वाटणी कशी व्हावी हे स्फटिकाचा कोन, त्याचे तापमान किंवा पट्ट्यांची रुंदी ठरवते. १०६४ नॅनोमीटरचा कण फोडला आणि त्यातील एकाला १५५० नॅनोमीटरवर बसवले, तर दुसरा आपोआप ३३९३ नॅनोमीटरवर, म्हणजे मिथेनच्या दाराशी जाऊन उभा राहतो. स्फटिक दोन आरशांमध्ये ठेवून ही फोड वाढवत नेली की जो प्रकाशस्रोत मिळतो त्याला ऑप्टिकल पॅरामेट्रिक ऑसिलेटर म्हणतात. असा पहिला स्रोत १९६५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉर्डमेन आणि मिलर यांनी घडवला. लिथियम नायोबेटच्या त्या स्फटिकाचे तापमान सुमारे अकरा अंशांनी बदलताच बाहेर येणारा प्रकाश ९७० पासून ११५० नॅनोमीटरपर्यंत सरकला. रेडिओचा काटा फिरवून स्टेशन लावावे, तसे हे होते.

हे बेल प्रयोगशाळेतच का घडावे? तेथे हुशार भौतिकशास्त्रज्ञ होते हे खरेच, पण तेवढेच उत्तर अपुरे आहे. तेथे त्याच छपराखाली स्फटिक वाढवणारेही होते. लिथियम नायोबेटचे गुण १९६४ मध्ये तेथील ज्या चमूने तपासले त्यात प्रकाशाचे अभ्यासक होते तसेच भट्टीसमोर बसणारेही होते. हा स्फटिक सुमारे १२५० अंश सेल्सिअसवर वितळतो. त्या रसात बीजस्फटिक टेकवायचा आणि तो अत्यंत मंद गतीने फिरवत वर ओढायचा. तापमान किंचित ढळले तरी आत रेघा पडतात, तडे जातात आणि कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचे स्फटिक पाण्याच्या द्रावणात वाढतात, पण मोठ्या आकाराला पारंपरिक पद्धतीने काही महिनेच काय, वर्षही लागू शकते. हे काम शोधनिबंधाच्या घाईत बसत नाही. ते बरेचसे शेतीसारखे आहे.

त्याच बेल प्रयोगशाळेत त्या काळी बारामतीत जन्मलेला एक तरुण काम करीत होता. चंद्र कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ चा, पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. त्यांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेझर शोधून काढला आणि आज जगभर पोलाद कापणाऱ्या, शस्त्रक्रिया करणाऱ्या यंत्रांच्या एका मोठ्या घराण्याचे ते जनक ठरले. त्यांचे दुसरे काम मात्र महाराष्ट्रातही फारसे कोणास ठाऊक नाही. आपल्या लेझरचा झोत त्यांनी इंडियम अँटिमोनाइडच्या स्फटिकातून, चुंबकीय क्षेत्रात ठेवून, सोडला. क्षेत्र कमीअधिक केले की बाहेर येणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा रंग सरकत जाई. सत्तरच्या दशकात हे उपकरण बलूनमधून स्थितांबरात नेण्यात आले आणि ओझोनच्या थराशी संबंध असलेले नायट्रिक ऑक्साइड त्याने तेथे मोजले. अमेरिकेने १९९६ मध्ये त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक दिले. बारामतीचे नाव वृत्तपत्रांत रोज येते. या कारणासाठी क्वचितच.

पटेल यांच्या या उपकरणाचे मूळ तत्त्व ज्या परिणामाचे, तो रामन यांच्या नावाने ओळखला जातो. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात नोंदला गेलेला तो परिणाम म्हणजे प्रकाशाने पदार्थाशी ऊर्जेची देवघेव करून रंग बदलणे. १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूज प्रयोगशाळेत माणकाच्या लेझरमधून अनपेक्षितपणे ७६७ नॅनोमीटरचा एक दुसराच प्रखर झोत येऊ लागला, तेव्हा उलगडा झाला की उपकरणातील नायट्रोबेंझिन हा द्रव रामन परिणामाने प्रकाशाचा रंग पालटत आहे. रामन तेव्हा हयात होते.

आता एक विलक्षण गोष्ट. १९७४ मध्ये पोखरणला भारताने पहिली अणुचाचणी केली आणि तिच्या प्रतिक्रियेतून अणुपुरवठादार देशांचा गट स्थापन झाला. या गटाच्या दुहेरी वापराच्या वस्तूंच्या नियंत्रणसूचीत रंग जुळवता येणारे लेझर आहेत आणि त्यांच्याच ओळीत १६ मायक्रोमीटरवर चालणारा 'पॅरा-हायड्रोजन रामन शिफ्टर' आहे. युरेनियमचे एक संयुग नेमके त्या पट्ट्यात प्रकाश शोषते, म्हणून ही काळजी. कार्बन डायऑक्साइड लेझरचा प्रकाश हायड्रोजनमध्ये रामन परिणामाने सरकवला की तो १६ मायक्रोमीटरला पोहोचतो. म्हणजे लेझर बारामतीच्या पटेलांचा, रंग पालटण्याचे तत्त्व तिरुचिरापल्लीच्या रामन यांचे आणि त्या दोहोंच्या संयोगावर पहारा बसवला तो भारतामुळे जन्मलेल्या गटाने! २००८ मध्ये नागरी अणुव्यापारासाठी भारताला सवलत मिळाली. गटाचे सदस्यत्व आजही मिळालेले नाही. १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंधसूचीत घातलेले भाभा अणुसंशोधन केंद्र त्या सूचीतून बाहेर पडण्यास जानेवारी २०२५ उजाडला. अण्वस्त्रांचा प्रसार रोखणे हा हेतू अयोग्य आहे असे कोणी म्हणणार नाही. पण सूचीच्या जाळ्यात शस्त्रापेक्षा शास्त्र अधिक अडकते, हा भारताचा अनुभव आहे.

पहारा केवळ पाश्चात्त्यच बसवतात असे मानण्याचेही कारण नाही. या क्षेत्रात चीनने काय केले, ते शांतपणे पाहावयास हवे. फुजियान येथील संस्थेत चेन चुआंगतियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात बोरेट वर्गातील दोन स्फटिक शोधले. संक्षेपाने बीबीओ आणि एलबीओ म्हणून ओळखले जाणारे हे स्फटिक आज जगातील असंख्य प्रयोगशाळांत आहेत. शोध अपघाताने लागले नाहीत. कोणत्या रेणुरचनेतून कोणता प्रकाशगुण येईल याचा सिद्धांत आधी मांडून, त्यानुसार एकेक संयुग तपासण्यात त्यांनी आयुष्य वेचले. पुढे त्यांनी केबीबीएफ हा तिसरा स्फटिक घडवला. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश सहापट वारंवारितेला नेऊन १७७.३ नॅनोमीटरचा खोल जंबुपार प्रकाश देणारा हा स्फटिक अतिसंवाहकांच्या अभ्यासकांना वरदान ठरला. तो पातळ थरांतच वाढतो आणि त्यासाठी बेरिलियमचे विषारी संयुग हाताळावे लागते. म्हणून दुसरे कोणी त्या वाटेला सहज जात नव्हते. २००९ च्या सुमारास चीनने तो परदेशी देणे थांबवले. तक्रारी झाल्या. अमेरिकेने मात्र तक्रारीवर न थांबता स्वतःची भट्टी पेटवली आणि २०१६ मध्ये तेथील एका कंपनीने हा स्फटिक तयार केल्याचे जाहीर केले. चीनच्या धोरणाचे कौतुक करण्याची गरज नाही. पण चाळीस वर्षे एका भट्टीपाशी बसण्याची जी तयारी त्या देशाने दाखवली, तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

भारतात हे काम झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६४ मध्येच गॅलियम आर्सेनाइडचा लेझर घडवला होता. इंदूरचे प्रगत तंत्रज्ञान केंद्र १९८४ मध्ये स्थापन झाले. दिलीप भवाळकर हे त्याचे संस्थापक संचालक, आणि २००५ पासून ते राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. लेझरबरोबर त्याला लागणारे स्फटिकही तेथे वाढवले जातात. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत रंग जुळवता येणाऱ्या स्रोतांवर दर्जेदार काम होते. तामिळनाडूत संकरनारायणन आणि रामसामी यांनी २००५ मध्ये द्रावणातून एकाच दिशेने स्फटिक वाढवण्याची पद्धत दिली. ती त्या दोघांच्या नावाने जगभर वापरली जाते.

मग अडते कोठे? एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. गेल्या दोन-तीन दशकांत देशातील महाविद्यालये आणि विद्यापीठांतून 'नवा अरेषीय स्फटिक' जाहीर करणाऱ्या शोधनिबंधांचा पूर आला. अमिनो आम्ल आणि एखादा क्षार पाण्यात विरघळवायचा, भांडे झाकून ठेवायचे आणि काही आठवड्यांनी तळाशी जमलेल्या खड्याला नवे नाव द्यायचे, असा क्रम पडून गेला. गोवा विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक बी. आर. श्रीनिवासन यांनी असे कित्येक दावे चिकाटीने तपासले आणि नवा म्हणून मिरवलेला स्फटिक कित्येकदा विरघळवलेल्या मूळ पदार्थाचाच असतो, हे नियतकालिकांत वारंवार दाखवून दिले. हे काम लोकप्रियता मिळवून देणारे नव्हे. पण एका प्राध्यापकाची ही राखण शंभर निबंधांपेक्षा मोलाची आहे. दोष केवळ त्या संशोधकांचा नाही. पदोन्नती निबंधांच्या संख्येवर मिळत असेल तर महिनोन्‌महिने भट्टीसमोर बसून हाताच्या तळव्याएवढा निर्दोष स्फटिक कोण वाढवील? आणि वाढवलाच, तर तो कापून, घासून, त्यावर लेप चढवून उपकरणात बसवण्यास घेणारा कोण? स्फटिक वाढवणारा एका गावी, लेझर बांधणारा दुसऱ्या गावी, आणि दोघांची गाठ पडते ती परिषदेच्या भोजनाच्या रांगेत!

हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. २०३०-३१ पर्यंत उपग्रहाच्या साहाय्याने देशांतर्गत दोन हजार किलोमीटर अंतरावर फोडता न येणारा गुप्त संदेश पाठवणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. अशा संदेशाची एक वाट परस्परांशी गुंतलेल्या प्रकाशकणांच्या जोड्यांची आहे, आणि त्या जोड्या अरेषीय स्फटिकात एक कण दोघांत फोडूनच मिळतात. चीनने २०१६ मध्ये सोडलेल्या मिशियस उपग्रहात असाच पट्टे उमटवलेला स्फटिक होता. त्यातून निघालेल्या जोड्यांतील कण बाराशे किलोमीटर अंतरावरील दोन केंद्रांत उतरले. इस्रोच्या केंद्राने आणि भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने २०२२ मध्ये अहमदाबादेत तीनशे मीटरवर हा प्रयोग यशस्वी केला. अभियानात साहित्य आणि उपकरणांसाठी दिल्लीच्या आयआयटीकडे, तर संवेदन आणि मापनासाठी मुंबईच्या आयआयटीकडे स्वतंत्र केंद्रे दिली आहेत, ही जमेची बाजू. त्या केंद्रांच्या खर्चात भट्ट्यांचा, त्या चालवणाऱ्या तंत्रज्ञांच्या कायम पदांचा आणि दहा वर्षे निबंध न मागण्याच्या धीराचा वाटा किती, हे विचारले गेले पाहिजे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कसोटी हिंगोली जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्याच्या २६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका त्यात आहेत. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून धावणाऱ्या लेझरच्या प्रकाशातच जी सूक्ष्म पुंजकीय चळवळ असते ती या मापनात अडथळा आणते. तिला आवर घालण्यासाठी अमेरिकेतील दोन्ही वेधशाळांत २०१९ पासून एक लहानसा स्रोत जोडलेला आहे. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा कण पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेटच्या स्फटिकात १०६४ नॅनोमीटरच्या दोन कणांत फुटतो आणि त्या जुळ्यांच्या मेळातून प्रकाशाची चळवळ दाबली जाते. तेवढ्याने घटना टिपण्याचा दर ४० ते ५० टक्क्यांनी वाढला. जॉर्डमेन आणि मिलर यांच्या १९६५ च्या उपकरणाचाच हा वंशज. २०१६ च्या करारानुसार वेधशाळेची मुख्य यंत्रसामग्री अमेरिकेतून यायची आहे. इमारत, निर्वात नळ्या आणि उभारणी भारताची. अशी वेधशाळा अनेक दशके चालते आणि तिच्यातील स्फटिक या ना त्या कारणाने बदलावे लागतात. पहिला संच पाहुणा म्हणून येईल. बोटाच्या पेराएवढा दुसरा स्फटिक इंदूरच्या भट्टीतून निघायचा असेल, तर ती भट्टी आजच पेटलेली हवी.